निमो हरवला की मार्लिन? लहानपणीचं कार्टून मोठेपणी वेगळं का दिसतं

लहानपणी पाठ झालेलं एखादं कार्टून मोठेपणी सहज म्हणून लावावं आणि पहिल्या पाच मिनिटांतच घसा दाटून यावा, हा अनुभव आता इतका सर्रास येतो की त्याची थट्टाही होऊ लागली आहे. नोकरी-संसारातली माणसं माशांच्या आणि खेळण्यांच्या गोष्टी बघून डोळे पुसतात, आणि सोबतची पोरं ‘आता काय झालं?’ म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत राहतात. धंदेवाल्यांना हे कधीच उमगलंय. २०२४ साली जगभरात सर्वांत जास्त कमाई ‘इनसाइड आउट २’ या ॲनिमेशनपटाने केली, आणि ती काही एकट्या पोराटोरांच्या तिकिटांवर झालेली नाही. ‘द लायन किंग’, ‘लिलो अँड स्टिच’ यांसारखी जुनी कार्टूनं नव्या रूपात पुन्हा पुन्हा येतात, त्यामागेही हाच हिशेब आहे.

पण यात एक कोडं आहे. सिनेमा तोच, चित्रं तीच, संवादही तेच. मग हा नवा अर्थ आला कुठून? यावर सहसा दोन उत्तरं मिळतात. एक, मोठं झाल्यावर अक्कल येते. दोन, बनवणाऱ्यांनी मोठ्यांसाठी मुद्दाम काहीतरी आत दडवून ठेवलेलं असतं. दोन्ही अर्धीमुर्धी खरी आहेत, आणि दोन्हींत एक गोची आहे. लहानपणी आपण जे पाहिलं ते कच्चं होतं, असं दोन्ही उत्तरं गृहीत धरतात. मला ते पटत नाही. का, ते ‘फाइंडिंग निमो’ हा २००३ चा सिनेमा हाताशी घेऊन पाहू. मार्लिन नावाचा क्लाउनफिश मासा आपल्या हरवलेल्या पोराला, निमोला, शोधत समुद्रभर फिरतो, ती ही गोष्ट. शेवट सांगितला जाणार आहे. इतक्या वर्षांनी त्याबद्दल कोणी रागावणार नाही अशी आशा.

सिनेमा किती सांगतो, आपण किती भरतो

आधी पायाची गोष्ट. कोणतीही कथा सगळं सांगत नाही. पात्र खिडकीबाहेर बघत गप्प उभं आहे, एवढंच पडद्यावर दिसतं. ते कंटाळलंय, कोणाची वाट बघतंय की रडू दाबतंय, हे आपण भरतो. भरण्याचा माल आपल्याच घरचा असतो.

मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने अकराव्या शतकात ‘काव्यप्रकाशा’त यासाठी एक छोटं वाक्य घेतलं आहे: सूर्य मावळला. शब्दांचा अर्थ सगळ्यांना सारखाच कळतो. पण गुराख्याला त्यातून ऐकू येतं, गुरं परत वळवा. कामकऱ्याला ऐकू येतं, काम थांबवा. प्रियकराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेलीला आणखी वेगळंच. शब्दांच्या सरळ अर्थापलीकडे जे सुचवलं जातं, त्याला आपल्याकडचे जुने समीक्षक व्यंजना म्हणतात. या उदाहरणात वाक्याच्या तळाशी तीन अर्थ पुरलेले नाहीत. ऐकणारे तीन आहेत.

मानसशास्त्राने हेच दुसऱ्या वाटेने दाखवलं. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्लंडमधल्या वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने ती आठवून लिहायला सांगितली. लोकांनी ती हळूहळू आपल्या ओळखीच्या साच्यात बसवली. कनूंच्या (वल्हवायच्या अरुंद नावांच्या) झाल्या साध्या होड्या, सीलच्या शिकारीची झाली मासेमारी, आणि ज्याचा अर्थ लागत नव्हता ते चक्क गळून पडलं. मनात आधीपासून तयार असलेल्या अशा साच्याला स्कीमा म्हणतात. आपण इथून पुढे साचाच म्हणू.

पाच वर्षांच्या मुलाकडे ‘हरवणं’, ‘चिडलेले बाबा’, ‘दुष्ट मासा’, ‘मित्र’ हे साचे पक्के असतात. ‘ज्याला जपायचं त्यालाच आपण गुदमरवतोय’ हा साचा नसतो, कारण तो यायला आधी कोणाला तरी जपावं लागतं. चौदाव्या शतकातल्या ‘साहित्यदर्पण’ या काव्यशास्त्राच्या ग्रंथात उद्धृत केलेला एक श्लोक याबाबत फारच कडक आहे. ज्यांच्या मनात त्या भावनेचे संस्कार नाहीत, असे प्रेक्षक नाट्यगृहातल्या लाकूड, भिंत आणि दगडांसारखे, असं तो म्हणतो. अनुभवाचा मुद्दा बरोबर आहे, पण श्लोककर्त्याने शार्कमासा आल्यावर उशीमागे लपलेलं पोर पाहिलेलं दिसत नाही. मूल दगड नसतं. ते वेगळ्या जागी हलतं.

मुलाला नेमकं काय दिसतं

यातला काही भाग निव्वळ अनुभवाचा नाही, वयाचाही आहे. ‘निमो’मध्येच त्याची छान चाचणी आहे. निमोला एका दंतवैद्याने पकडून सिडनीतल्या दवाखान्यातल्या मत्स्यपेटीत ठेवलेलं असतं. सुटायचं म्हणून तो पिशवीत उलटा पडून मेल्याचं सोंग घेतो. नेमका त्याच क्षणी, अर्धा समुद्र पार करून शेवटी पेलिकन पक्ष्याच्या चोचीत बसून आलेला त्याचा बाप मार्लिन ते बघतो आणि पोर गेलं असं समजतो. निमो जिवंत आहे हे आपल्याला माहीत आहे. मार्लिनला नाही.

हा सीन पोचायला एक क्षमता लागते: दुसऱ्याच्या डोक्यात चुकीची समजूत असू शकते आणि तो तिच्यानुसार वागेल, हे कळणं. हाइन्झ विमर आणि जोसेफ पर्नर यांनी १९८३ साली ती तपासण्याची एक सोपी गोष्ट रचली. मॅक्सी नावाचा मुलगा एका कपाटात चॉकलेट ठेवून बाहेर जातो. तो नसताना आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर मॅक्सी कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं सहसा नवं कपाट दाखवतात. चॉकलेट तिथे आहे ना, मग तिथेच शोधणार! चौथ्या-पाचव्या वर्षाच्या आसपास चित्र बदलतं आणि जुनं कपाट हे उत्तर येऊ लागतं. म्हणजे अगदी लहान पोराला निमोच्या सोंगाची गंमत वाटेल, पण मार्लिन का खचला हे कोडंच राहील.

दुसरी क्षमता आणखी उशिरा येते, आणि आपल्या विषयासाठी तीच जास्त महत्त्वाची आहे. एकाच वेळी आनंद आणि दुःख, अशी मिश्र भावना. जेफ लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली पाच ते बारा वर्षांच्या मुलांना ‘द लिटल मर्मेड’ या १९८९ च्या कार्टूनपटाच्या शेवटाकडचा एक भाग दाखवला. समुद्राचा राजा ट्रायटन तिथे आपल्या लेकीला माणसांच्या जगात कायमचा निरोप देतो. राजाला काय वाटत असेल आणि तुला काय वाटलं, असं मुलांना विचारलं. राजा एकाच वेळी खूशही आहे आणि दुःखीही, असं सांगणारी मुलं वयाने मोठ्या गटांत जास्त होती. स्वतःला तसं मिश्र वाटल्याचं सांगणारीही तीच जास्त. लहानांसाठी तो मुख्यतः एकाच रंगाचा शेवट होता.

२०१५ च्या पहिल्या ‘इनसाइड आउट’ने हीच गोष्ट चित्रात दाखवली. रायली या अकरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यातल्या आठवणी काचेच्या गोळ्यांसारख्या असतात. आनंदाची सोनेरी, दुःखाची निळी, प्रत्येक गोळी एकाच रंगाची. शेवटाकडे पहिल्यांदा एका गोळीत दोन रंग मिसळतात. पाच वर्षांच्या मुलाला ती सुंदर गोळी वाटते. मोठ्यांपैकी बरेच जण नेमके तिथे कोसळतात.

निमो जवळून बघू

आता सिनेमा उघडू. सुरुवातीला मार्लिन आणि त्याची बायको कोरल नव्या घरासमोर आहेत. चारशेहून जास्त अंडी. नावं ठेवायची म्हणून मार्लिन थट्टेने अर्ध्यांना स्वतःचं आणि अर्ध्यांना कोरलचं नाव देऊन मोकळा होतो. कोरल म्हणते, मला निमो हे नाव आवडतं. तेवढ्यात बाराकुडा हा शिकारी मासा येतो. कोरल अंड्यांकडे झेपावते, मार्लिन आपटून बेशुद्ध पडतो. शुद्धीवर येतो तेव्हा रात्र झालेली असते, बायको नाही, अंडी नाहीत. एक उरलंय, तेही तडा गेलेलं. ते उचलून तो वचन देतो की तुला कधीच काही होऊ देणार नाही.

लहान मूल या सीनमधून ‘निमोची आई मेली’ एवढं घेतं. ते बरोबरच आहे. मोठा माणूस वचन ऐकतो आणि ते पाळता येण्याजोगं नाही हे त्याला तिथल्या तिथे कळतं. पुढचा सगळा सिनेमा त्या एका वाक्याची किंमत वसूल करतो.

मग शाळेचा पहिला दिवस. निमोचा एक पर जन्मतः छोटा आहे. मित्रांबरोबर तो प्रवाळाच्या कडेला जातो, पलीकडे खोल पाणी. मार्लिन तिथे येऊन सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडतो, तुला वाटतं हे तुला जमेल, पण तुला नाही जमणार. निमो पुटपुटतो की मला तुमचा तिरस्कार वाटतो. आणि मग मुद्दाम होडीकडे पोहत जातो. पकडला जातो तो त्यानंतर.

क्रम नीट बघा. ओरडण्याआधी निमो कडेपर्यंतच आला होता. उघड्या पाण्यात तो गेला अपमान झाल्यावर. बापाला ज्याची भीती होती ते बापाच्या भीतीनेच घडवलं.

मध्ये देवमाशाच्या तोंडातला सीन आहे. मार्लिन आणि शोधात त्याच्यासोबत निघालेली विसराळू मासळी डोरी देवमाशाच्या जिभेला धरून लोंबकळतायत, पाणी खाली चाललंय. मला देवमाशांची भाषा येते असं सांगणारी डोरी म्हणते, तो हात सोडा म्हणतोय. मार्लिन विचारतो, काही वाईट होणार नाही हे तुला कसं माहीत? ती म्हणते, माहीत नाहीच. आणि तो सोडतो. मुलं इथे डोरीच्या लांबट हेल काढून बोलण्याला हसतात, तो विनोद चांगलाच आहे. पण सुरुवातीचं वचन आठवत असेल, तर हा सिनेमाचा कणा आहे. खात्री नसताना सोडणं, एवढंच त्याला शिकायचं होतं.

आणि शेवटी जाळं. डोरी आणि शेकडो मासे जाळ्यात अडकलेत. निमो म्हणतो, मी आत जातो, सगळ्यांना खालच्या दिशेने पोहायला सांगतो. नुकतं सापडलेलं पोर. मार्लिन आधी नाहीच म्हणतो. मग म्हणतो की तुला जमेल हे मला माहीत आहे. प्रवाळाच्या कडेला उच्चारलेलं वाक्य इथे बरोब्बर उलटं झालंय, आणि तेही तो परत गमावण्याची शक्यता समोर असताना. जाळं तुटतं. निमो तळाशी निपचित. डोळे उघडतो आणि पहिलं काय सांगतो, तर मला तुमचा तिरस्कार वाटत नाही.

डोरीबद्दल एक गोष्ट राहिली. तिचं विसरणं लहानपणी निव्वळ धमाल असतं. पण निमो गेला असं समजून मार्लिन तिला सोडून निघतो, तेव्हा ती विनवते की तू जवळ असलास की मला गोष्टी आठवतात, मला हे विसरायचं नाहीये. ज्यांच्या घरात एखाद्या म्हाताऱ्या माणसाची स्मृती हळूहळू जातेय, त्यांना तो सीन कसा दिसत असेल याची कल्पना करा. सिनेमा काही स्मृतिभ्रंशाबद्दल नाही. तरी त्या प्रेक्षकाने त्यात काही घुसडलंही नाही. सूर्य मावळला, एवढंच.

म्हणजे मोठेपणी बापाची बाजू कळते, इतकंच ना?

नाही, आणि या विषयावर जे काही बोललं जातं त्यात मला सर्वांत खटकणारी जागा हीच आहे. ‘आता कळलं, मार्लिनच बरोबर होता’, ‘ट्रायटनचं काय चुकलं, मुलगी सोळा वर्षांची होती’ असं म्हणायची एक फॅशन आहे. हे खोल वाचन नव्हे. ही नुसती बाजू बदलणं झालं. आधी पोराच्या बाकावर बसलो होतो, आता बापाच्या बाकावर.

सिनेमा मार्लिन बरोबर होता असं कुठेही म्हणत नाही. त्याला चूक होण्याचं सबळ कारण होतं, असं म्हणतो. ट्रायटनने लेकीने वर्षानुवर्षं जमवलेला खजिना तिच्या डोळ्यांदेखत त्रिशूळाने उडवून दिला, आणि त्यानंतरच ती समुद्रातल्या चेटकिणीकडे गेली. हे पाच वर्षांच्या मुलाला स्वच्छ दिसतं. चारचौघांत आपली लाज काढली गेली की कसं वाटतं हे त्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही, ते काल-परवाच त्याच्याबरोबर झालेलं असतं. मोठ्यांना तेच नेमकं विसरायला होतं.

तेव्हा वयाबरोबर जे मिळतं ते दुसरी बाजू. अर्थ खोल होतो तो पहिली हातची न जाता दुसरी तिच्या शेजारी उभी राहते तेव्हा. दोन रंगांची गोळी. ‘लिलो अँड स्टिच’मधली मोठी बहीण नानी लहानपणी सतत कटकट करणारी वाटते. मोठेपणी दिसतं की आई-वडील गेलेल्या घरात ही पोरसवदा मुलगी नोकरी, घर आणि धाकटी बहीण सांभाळतेय आणि समाजकल्याण खात्याचा माणूस दाराशी उभा आहे. पण म्हणून लिलोचं एकटेपण खोटं ठरत नाही. दोघी दमल्यात आणि दोघी एकमेकींवर ओरडतात, असा तो सीन आहे.

मग हे कार्टूनमध्येच का होतं?

इतर सिनेमांतही होतं. पण ॲनिमेशनमध्ये काही गोष्टी जुळून येतात.

पहिली म्हणजे आपण ते किती वेळा पाहिलेलं असतं. मुलं एकच गोष्ट परत परत मागतात आणि मोठ्यांचा जीव जातो, पण त्यामागे कारण आहे. ‘ब्लूज क्लूज’ या मुलांच्या मालिकेचा एकच भाग पाच दिवस सलग दाखवत असत. डॅनियल अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवाडीच्या वयाच्या मुलांना तो तसाच दाखवून बघितला. प्रत्येक वेळेगणिक मुलांना भाग जास्त समजत गेला, आणि पडद्याशी त्यांचं बोलणंही वाढलं. कंटाळा दूरच. परिणाम असा की मोठं होईपर्यंत सिनेमा शब्दासकट पाठ असतो. शाळेत पाठ केलेली कविता अर्थाशिवाय तोंडात बसते आणि पुढे कधीतरी भलत्याच प्रसंगी तिची ओळ आपोआप उघडते, तसंच हे. अर्थ कळला तेव्हा मजकूर आधीच आत होता. मोठेपणी पहिल्यांदा पाहिलेल्या सिनेमाला ही सोय नाही.

दुसरी, चेहरे. कॉमिक्सचे अभ्यासक आणि चित्रकार स्कॉट मॅक्क्लाउड यांनी १९९३ साली मांडलेला मुद्दा इथे लागू पडतो. हुबेहूब काढलेला चेहरा म्हणजे कोणीतरी दुसरा माणूस. मोजक्या रेषांचा चेहरा मात्र कोणीही स्वतःचा समजू शकतो. खरा नट वयाने, रंगरूपाने, भाषेने एक विशिष्ट माणूस असतो. मार्लिन हा केशरी मासा आहे. जगातल्या कुठल्याही धास्तावलेल्या पालकाला त्याच्यात शिरायला अडचण नाही.

तिसरी गोष्ट लोकांना सहसा खरी वाटत नाही. मुलांच्या ॲनिमेशनपटांत मरण भरपूर असतं. ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१४ च्या नाताळ अंकात आलेल्या अभ्यासात सर्वाधिक चाललेल्या ४५ ॲनिमेशनपटांची त्याच काळातल्या मोठ्यांसाठीच्या ९० नाट्यमय सिनेमांशी तुलना केली होती. ॲनिमेशनपटांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत एखादं महत्त्वाचं पात्र पडद्यावर मरतं. मोठ्यांच्या सिनेमांत हे प्रमाण सुमारे निम्मं. त्यातही पालक मरण्याचं प्रमाण मुलांच्या सिनेमांत कितीतरी जास्त. नाताळ अंकातलं संशोधन जरा खट्याळ सुरात लिहिलेलं असतं, पण मोजणी खरी असते. कोरलचा मृत्यू चौथ्या मिनिटानंतर लगेच येतो, अशी नोंदही त्यात आहे.

याचं साधं कारण कथेच्या गरजेत आहे. आई-बाप जवळ असतील तर पोराला साहस करू कोण देणार? पण त्यामुळे होतं असं, की वियोग, अपराधीपणा, जबाबदारी हे सगळं मुलांच्या गोष्टीत पायालाच गाडलेलं असतं. मूल वरच्या मजल्यावर खेळतं.

चौथं, बनवणारी माणसं मोठी असतात. उघड आहे, पण लक्षात राहत नाही. ‘निमो’चे दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन यांनी सांगितलंय की कामातून जेमतेम वेळ काढून ते लहान मुलाला बागेत घेऊन गेले आणि पूर्ण वेळ ‘हात लावू नकोस, पडशील’ एवढंच बोलत राहिले. काळजीपोटी आपण त्याच्याबरोबरचा वेळच घालवतोय, हे तिथे त्यांना जाणवलं. म्हणजे मार्लिन आधी आला. दडवलेला नाही, उलट तोच कथेचा उगम आहे.

हे निव्वळ स्मरणरंजन तर नाही?

स्मरणरंजन असतंच, ते नाकारण्यात अर्थ नाही. सुरुवातीचं संगीत ऐकल्यावर जी ऊब वाटते ती बहुतांशी त्या खोलीची, त्या सुट्टीची, शेजारी बसलेल्या माणसाची असते. पण दोन्ही वेगळं ओळखता येतं. स्मरणरंजन जुनंच परत देतं. ज्या जागी लहानपणी हसलो तिथेच हसू येतं. नवा अर्थ मात्र भलत्याच जागी सापडतो, बऱ्याचदा जिथे लहानपणी आपण पाणी प्यायला उठत होतो तिथे.

शिवाय स्मरणरंजनाला पुन्हा बघायची गरज नसते, आठवण पुरते. आणि बार्टलेटचे वाचक आठवत असतील तर आठवणीवर फार विसंबूही नये. आपल्याला लक्षात राहिलेला सिनेमा हा आपण आपल्या साच्यात बसवून घेतलेला असतो. ‘तो तर निमोच्या साहसाचा सिनेमा’ असं बहुतेकांना आठवतं. प्रत्यक्षात सिनेमाभर शोधत फिरणारा, बदलणारा, शिकणारा मार्लिन आहे. नावातही शोधणाऱ्याचीच कृती आहे.

नसलेला अर्थ काढण्याचा रोगही आहे की!

आहे. निमो मुळात जन्मलाच नाही, सगळी अंडी गेली आणि हा प्रवास म्हणजे शोकात बुडालेल्या मार्लिनचं स्वप्न, असा एक सिद्धांत इंटरनेटवर बरीच वर्षं फिरतोय. ऐकताना अंगावर काटा येतो. पण मग मत्स्यपेटीतले सीन कोणाचे? तिथे मार्लिन नाही. तिथली माशांची टोळी, तिचा म्होरक्या गिल, तिथलं निमोचं धाडस, यातलं त्याला काहीच दिसलेलं नाही. आणि निमो नसेल तर जाळ्यातला निर्णय पोकळ होतो. नसलेल्या पोराला सोडण्यात कसलं धाडस? हा सिद्धांत मान्य केला की सिनेमातलं अर्धं निरुपयोगी ठरतं. माझी कसोटी एवढीच: नव्या अर्थाने सिनेमातल्या जास्त गोष्टी उजळतात की विझतात?

दुसरं उदाहरण आणखी गमतीचं. खऱ्या क्लाउनफिश माशांमध्ये गटातली मादी मेली की मुख्य नर स्वतः मादी होतो. हे पक्कं जीवशास्त्र आहे. त्या हिशेबाने कोरल गेल्यावर मार्लिन निमोचा बाप राहिलाच नसता. माहिती म्हणून मजेदार, पण ती घेऊन कोणी सिनेमाचा ‘खरा अर्थ’ सांगू लागला तर त्याला हसून सोडावं. सिनेमात या गोष्टीला लागणारी एकही कडी नाही. आणि ज्या समुद्रात मासे शाळेत जातात तिथे जीवशास्त्र आधीच दाराबाहेर ठेवलेलं असतं.

मग दिग्दर्शकाच्या मनात असेल तेवढाच अर्थ खरा का? तसंही नाही. डोरीचा सीन बघताना ज्याला घरातलं कोणी आठवलं, त्याला स्टँटन यांची परवानगी लागत नाही. पडद्यावर जे आहे त्याला धरून अर्थ उभा राहत असला की पुरे.

सगळीच जुनी कार्टूनं मोठेपणी फुलतात का?

अजिबात नाही. काही नुसती रंगीत आणि वेगवान होती, तशीच राहतात, आणि त्यात वाईट काही नाही. काहींचं उलटंच होतं. १९४१ च्या ‘डम्बो’मधले कावळे लहानपणी गंमतशीर वाटतात. मोठेपणी कळतं की ती त्या काळातल्या अमेरिकेत कृष्णवर्णीयांची जी टिंगल चालायची तिचीच नक्कल आहे. डिस्नेने २०२० साली आपल्या ओटीटीवर या आणि अशा काही जुन्या सिनेमांच्या आधी त्याबद्दलची ठळक सूचना घातली. त्याच सिनेमात डांबून ठेवलेली हत्तीण गजांतून सोंड बाहेर काढून पिल्लाला झुलवते, तो सीन मात्र वयाबरोबर जास्तच जड होत जातो. एकाच सिनेमात एक गोष्ट वर येते आणि एक खाली जाते. जाणतेपण सोयीपुरतं येत नाही.

मुलांबरोबर बघताना अर्थ सांगावा का?

सांगू नये, असं माझं मत आहे. निदान न विचारता नको. मार्लिनच्या भीतीवर व्याख्यान दिलंत तर मुलाच्या पदरात एक वाक्य पडेल, आणि पुढे स्वतःहून भेटणारा सीन आधीच उष्टा झालेला असेल. ते विचारेल ते वेगळं असतं. आई कुठे गेली, असं विचारलं तर मेली म्हणून सरळ सांगावं. ‘गावाला गेली’ म्हणालात तर पुढचा अर्धा तास ते आईला शोधत बसतं, आणि सिनेमाचं नावच शोधण्याबद्दल असल्याने त्याचं काही चुकतही नाही.

बरेच पालक बाराकुडाचा सीनच पुढे ढकलून देतात. मूल खरोखर घाबरत असेल तर खुशाल ढकला, तीन वर्षांच्या पोराची झोप जास्त मोलाची. फक्त त्याने काय जातं ते ठाऊक असू द्या. ती चार मिनिटं नसली तर मार्लिन विनाकारण किरकिर करणारा बाप उरतो, देवमाशाच्या तोंडातलं सोडणं नुसता विनोद होतो, आणि जाळ्यासमोर तो का अडतो हेही नीट कळत नाही. वर्षभराने तोच सिनेमा परत मागितला जाईलच, त्यात शंका नको. तेव्हा सुरुवातीपासून लावा.